धुऱ्यावरचा आंतरराष्ट्रीय कायदा

तीस वर्षं मी सार्वजनिक आंतरराष्ट्रीय कायदा शिकवला. या विषयाची एक सोय आहे, तुम्ही चुकलात तरी लवकर कोणाला कळत नाही. फौजदारी शिकवणारा माझा सहकारी दुपारनंतर कोर्टात उभा राहायचा. तो चुकला की त्याचा अशील थेट आत जायचा आणि चहाच्या टपरीपर्यंत बातमी पोचायची. माझ्या विषयातले पक्षकार म्हणजे देश. त्यातला एकही आजवर माझ्याकडे सल्ला मागायला आलेला नाही, त्यामुळे माझा सल्ला चुकल्याची नोंदही कुठे नाही. अपवाद एकच. तो सांगायलाच हे लिहायला बसलो आहे.

आमचं गाव संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथं माझ्या नोकरीचा अर्थ 'फॉरेनची वकिली' असा लावला गेला होता. सुरुवातीला मी दुरुस्ती करायचो. नंतर लक्षात आलं की दुरुस्ती केली की मान कमी होतो, तेव्हा सोडून दिलं. सुट्टीत घरी गेलो की लोक सातबारे घेऊन यायचे. "तुमी तं देशादेशाईचे भांडनं मिटवता, मंग तालुक्याचं काम म्हनजे तुमच्या हातचा मळ असन." मी सातबारा उलटसुलट करून बघायचो, चष्मा काढायचो, पुसायचो आणि म्हणायचो, "तलाठ्याला एकदा भेटा." हा सल्ला त्यांना आधीच ठाऊक असायचा, पण माझ्या तोंडून ऐकला की त्यांना बरं वाटायचं.

खरं सांगायचं तर कोर्टात मी एकदाही उभा राहिलो नव्हतो. काळा कोट होता. तो पदवीदानानंतर फोटोसाठी शिवला होता.

माझा पीएच.डी.चा विषय होता 'सीमापार हानी'. एका देशाच्या हद्दीत केलेल्या कामानं शेजारच्या देशाचं नुकसान झालं तर जबाबदारी कोणाची? सात वर्षं, चारशे पानं. निष्कर्ष असा निघाला की आपल्या उद्योगानं शेजाऱ्याला त्रास होऊ देऊ नये. हेच माझी आई अंगण झाडताना सांगायची, पण तिनं तळटीपा दिल्या नव्हत्या.

शिकलो ते दादाच्या जिवावर. दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. मॅट्रिकनंतर त्यानं शाळा सोडून वावर धरलं म्हणून मला पुस्तक धरता आलं. हे त्यानं कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून मी बोलतो.

बीटी कपाशी आली तेव्हा मी एका परिषदेसाठी निबंध लिहीत होतो. जनुक बदललेल्या बियाण्यांबाबत देशांनी एकमेकांशी केलेला करार, त्यातली कर्तव्यं, वगैरे. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी गेलो तर ओसरीवर खामगावहून आणलेले बियाण्याचे डबे. मी एक उघडला. आत मोठी पुडी, एक छोटी पुडी आणि बारीक अक्षरातलं माहितीपत्रक. मी ते पत्रक वाचलं. जिल्ह्यात ते वाचणारा मी पहिलाच असेन, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

त्यात लिहिलं होतं की छोट्या पुडीतलं साधं बियाणं बीटीच्या भोवती चारी बाजूंनी पाच-पाच ओळी लावावं.

"दादा, ही छोटी पुडी तू काय करतोस?"

"काय करन? फेकतो. सारेच फेकतात. एखादा टोबते, जिथं उगवलं नाही तिथं."

मला हर्षच झाला. संपूर्ण जग ज्या कर्तव्याचं उल्लंघन करत होतं ते आमच्या ओसरीवर, पोत्याला टेकून बसलं होतं. मी दादाला समजावून सांगितलं: बीटीवर बोंडअळी मरते, पण एखादी वाचते. तशाच वाचलेल्यांची आपसांत लग्नं झाली तर पुढची पिढी बीटीला दाद देणार नाही. म्हणून भोवती साधी पऱ्हाटी, म्हणजे बीटी नसलेली कपाशी, लावायची. तिच्यावर साध्या अळ्या पोसतील, मोठ्या होतील, वाचलेल्यांशी त्यांची लग्नं होतील आणि पुढची पिढी मरणारी निघेल.

दादानं छोटी पुडी हातात घेऊन न्याहाळली. मग वहिनीकडे वळून म्हणाला, "आयकलं का? आपल्याले अळ्याईची सोयरीक जुळवाची हाय."

"पोरीकडचे का पोराकडचे?" वहिनीनं आतूनच विचारलं.

"दोन्हीकडचे आपनच."

तरी त्यानं लावलं. का लावलं हे मी तेव्हा माझ्या युक्तिवादाचं यश मानलं. आता वाटतं, धाकटा भाऊ शहरातून येतो, चार दिवस राहतो, कधी काही मागत नाही, त्यानं यंदा पाच ओळी मागितल्या तर देऊन टाकाव्या, एवढाच तो हिशोब होता. गावानं आमच्या वावराचं नाव 'अळ्याईचं अन्नछत्र' ठेवलं. दादा ते हसून घ्यायचा. मी निबंधात एक परिच्छेद वाढवला: 'आंतरराष्ट्रीय कर्तव्याचे ग्रामपातळीवरील अनुपालन: एक जिवंत उदाहरण.'

इथं जमिनीची मांडणी सांगायला हवी. आमचं वावर मागे, त्याच्यापुढे चाचांचं वावर आणि चाचांच्या पुढे डांबरी सडक. चाचा म्हणजे आमचे शेजारी, वडिलांच्या वयाचे नाहीत पण मानाने तेवढेच. त्यांचे वडील आणि आमचे वडील एका बैलबंडीत बसून खामगावच्या बाजाराला जायचे. आमच्या वावरातून सडकेवर यायचं तर बंडी चाचांच्या धुऱ्यावरूनच, म्हणजे बांधावरूनच, काढावी लागते. दुसरी वाट नाल्यातून आहे, पण तिथं दिवाळीपर्यंत चिखल असतो आणि त्यानंतर दगड. आमची बंडी धुऱ्यावरून किती वर्षं जाते, हे कोणी मोजलं नव्हतं. मोजायची वेळ आणली ती मी.

दिवाळीच्या सुट्टीत कॅमेरा घेऊन पोचलो. कडेच्या पाच ओळींची चाळण झाली होती. बोंडाबोंडात हिरवी अळी, पानापानावर विष्ठा. मी आनंदानं फोटो काढत होतो. एवढं यशस्वी अनुपालन मी पुस्तकातसुद्धा पाहिलं नव्हतं. आतलं बीटी मात्र छान फुटलं होतं. कापसाच्या पहिल्या वेच्याआधी, म्हणजे वेचणीआधी, वहिनीनं धुऱ्यावर दहीभाताचा नैवेद्य ठेवून पूजा केली तेव्हा मी त्याचाही फोटो काढला.

तेवढ्यात धुऱ्यापलीकडून चाचा आले. त्यांच्या वावरात तूर फुलोऱ्यात होती, शेंगा धरायला लागल्या होत्या. त्यांच्या हातात एक शेंग होती. त्यांनी ती माझ्यासमोर उलगडली. आत हिरवी अळी आरामात वळवळत होती.

"प्रोफेसरसाब, तुमचे मेहमान आमच्या घरी येऊन राह्यले."

"चाचा, ही तुरीवरची अळी असते दरवर्षी."

"हाव, असते. पन दरवर्षी दोन पाव्हने येतात. यंदा बारात आली."

दादा हसला. चाचाही हसले. मग ते साधं बोलले, "बाकी काही नाई. माझ्या बाजूच्या पाच वळी तेवढ्या उपटून टाका, नाई तं फवारा मारा. तूर हातची जाईन माझी."

माणसानं यावर 'हो' म्हणायचं असतं. पण मी सात वर्षं सीमापार हानीवर घालवली होती आणि आयुष्यात पहिल्यांदा सीमा, हानी आणि शेजारी असे तिघंही माझ्यासमोर उभे होते. मी सुरू झालो. म्हटलं, चाचा, नुकसान झालं एवढ्यानं भागत नाही. ते आमच्याच वावरातून झालं हे दाखवावं लागतं. शिवाय नुकसान 'लक्षणीय' पाहिजे. ही अळी याच पाच ओळींतली, याला पुरावा काय?

चाचांनी शेंग मिटली. माझ्याकडे न बघता दादाला म्हणाले, "तुमची बंडी माझ्या धुऱ्यावरून जाते. म्या कधी पुरावा मागतला का?" आणि निघून गेले.

दादा म्हणाला, "तू काऊन बोलला बे तसं?"

मी म्हणालो, "धमकी दिली त्यांनी. ऐकलं ना? वाट अडवायची धमकी."

"धमकी नाई ते. राग हाय. संध्याकाळपर्यंत जाते."

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं खामगाव, तिथून जलंब आणि मग रेल्वेनं माझ्या महाविद्यालयाच्या शहरात परतलो. रस्ताभर मी मनातल्या मनात मसुदा करत होतो. वाटेचा हक्क! आमच्या विषयात या प्रश्नावर एक गाजलेला निकालच आहे. एका देशाच्या तुकड्याकडे जायला दुसऱ्या देशाच्या मुलखातून जावं लागतं, वर्षानुवर्षं लोक तसे जात आले, तर त्या वहिवाटीचा हक्क होतो का, असा तो वाद. न्यायालयानं साध्या ये-जा करणाऱ्यांपुरता 'हो' म्हटलं. त्या खटल्यात वाट अडवणारा आपलाच देश होता, एवढी बारीक गोष्ट मी मसुद्यातून गाळली.

पत्र चार पानी झालं. टाइप करून घेतलं. 'प्रदीर्घ, अखंड व निर्वेध वहिवाट', 'सदर मार्ग अवरुद्ध करण्याचा कोणताही प्रयत्न', 'योग्य त्या उपाययोजनांचा हक्क राखून'. तिसऱ्या पानावर मला थोडी लाज वाटली असावी, कारण तिथं मी एक मऊ परिच्छेद घातला: 'आपल्या दिवंगत वडिलांनी आमच्या वडिलांना मोठ्या मनाने ही वाट दिली, याचा आम्हांला विसर पडलेला नाही.' मग पुन्हा चौथ्या पानावर ताठ झालो. रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसह पाठवलं. दादाला सांगितलं नाही. त्याला निकालच कळवायचा, असा विचार होता.

आठ दिवसांनी महाविद्यालयाच्या ऑफिसात दादाचा फोन आला. दादा फोनवर नेहमी ओरडून बोलतो, कारण अंतर लांब आहे. त्या दिवशी हळू बोलला.

"तू चाचाले काय लिव्हलं?"

"वाटेचा हक्क. त्यांनी धमकी..."

"अबे, त्या वळी तं म्या तुझी एसटी हालली तशाच उपटल्या. चाचानं चहा पाजला मले. मिटलं होतं सारं."

दादानं पुढचंही सांगितलं.

"पोस्टमननं एसटी स्टँडवर सही घेतली त्याईची. रजिस्टर आलं म्हनजे कोर्टाचं, सारं गाव जमा झालं. चाचानं तिथं उघडलंच नाही. घरी गेले, अन् दुसऱ्या दिवशी धुऱ्यावर बोरीच्या काट्या टाकल्या. बंडी अडवली. पहिल्या वेच्याचा कापूस वावरात पडून हाय, ताडपत्रीखाली. आभाळ आलं हाय. भिजला तं पिवळा पडन, कोनी हात लावणार नाई त्याले."

"मी तहसीलदाराकडे अर्ज..."

"तू इकडे ये," दादा म्हणाला. इतकंच. तो मला 'इकडे ये' असं याआधी म्हणाला होता ते मी सहावीत असताना, विहिरीच्या काठावर उभा होतो तेव्हा.

मी आलो, पण थेट घरी नाही. आधी खामगावात उतरून एका वकिलाकडे गेलो. तो माझाच विद्यार्थी. आंतरराष्ट्रीय कायद्यात मी त्याला काठावर पास केलं होतं, तरी तो अजून मला मान द्यायचा. मी त्याला पत्राची प्रत दिली. तो कौतुकानं वाचत गेला. "सर, भाषा काय हो तुमची!" तिसऱ्या पानावर थांबला. परत वाचलं.

"सर, हे तुम्ही लिहिलं?"

"का?"

"वहिवाटीचा हक्क सांगायचा तर 'आम्ही कोणाला विचारलं नाही, आमचा हक्क म्हणून जातो' असं म्हणावं लागतं. तुम्ही इथं लिहून दिलंत की त्यांच्या वडिलांनी मोठ्या मनानं दिली. म्हणजे परवानगी झाली. परवानगी दिली की काढून घेता येते." तो जरा अडखळला. "तहसीलदाराकडे गेलो तर समोरचे हेच पान पुढे करतील. पत्र लिहिलंच नसतं, तर केस बरी होती."

चार पानांत मी हक्क मागितला होता आणि एका परिच्छेदात परत देऊन टाकला होता. तेही सहीनिशी. फी विचारली तर तो म्हणाला, "सर, तुमच्याकडून कशी घेऊ." त्यानं घेतली असती तर बरं वाटलं असतं.

गावात पोचलो तेव्हा दुपार होती आणि सातपुड्यावर ढग बसले होते. दादा वावरात ताडपत्रीचे कोपरे दगडांनी दाबत होता. बाया कापूस वेचून कमरेच्या ओट्यात भरत होत्या, मला बघून एकमेकींत काही बोलल्या आणि हसल्या. दादानं वर पाहिलं. "जाय," म्हणाला, "त्याईच्या घरी जाय. मी येत नाई."

"काय म्हणू?"

"मले काय इचारतं? तू शिकेल हायस."

चाचा अंगणात बाजेवर बसले होते. चाची सुपात तूर पाखडत होत्या. मी 'सलाम चाचा' म्हटलं. त्यांनी बाजेवर जागा करून दिली, पाणी मागवलं. अपमान करायचा असेल तर आमच्याकडे आधी पाणी देतात. मग त्यांनी उशाखालून माझं पत्र काढलं. पाकीट अजून फोडलेलं नव्हतं.

"वाचून दाखवा," ते म्हणाले. "म्या उघडलं नाई. कोनाच्याही हातून वाचून घेतलं असतं, तं गावात चर्चा झाली असती का दादाच्या धाकट्या भावानं काय काय लिव्हलं. तुमीच वाचा. अन् मले समजन असं वाचा."

आयुष्यात मी परिषदांतून निबंध वाचले आहेत. समोर प्राध्यापक झोपलेले असतात, त्यामुळे घाम येत नाही. इथं दोघंही जागे होते. मी पाकीट फोडलं आणि सुरुवात केली. "प्रदीर्घ, अखंड व निर्वेध वहिवाट..."

"म्हनजे?"

"म्हणजे... आम्ही लई वर्षांपासून जातो."

"हाव, जाता. पुढे."

"सदर मार्ग अवरुद्ध करण्याचा कोणताही प्रयत्न..."

"म्हनजे?"

"तुम्ही वाट अडवाल तर."

"म्या अडवली होती का तवा?"

"नाही."

"पुढे."

"योग्य त्या उपाययोजनांचा हक्क राखून..."

"म्हनजे काय करनार होते?"

मी खरं सांगितलं. "काही नाही, चाचा. असं लिहायची पद्धत असते."

चाचींनी सूप थांबवलं. "हे लिव्हाले सरकार पगार देते का तुमाले?"

"हो, चाची."

"अल्ला," त्या म्हणाल्या आणि परत पाखडू लागल्या.

तिसऱ्या पानावर आलो. तो परिच्छेद गाळून पुढे जावं असा विचार मनात आला, कारण वकिलाचा आवाज कानात होता. पण गाळताही येईना. चाचांचं बोट पानावर होतं, ते ओळींचा माग ठेवत होते. मी वाचलं. "आपल्या दिवंगत वडिलांनी आमच्या वडिलांना मोठ्या मनाने ही वाट दिली, याचा आम्हांला विसर पडलेला नाही."

'म्हनजे?' आलं नाही. मी वर पाहिलं. चाचा चष्मा पुसत होते.

"अब्बाचं लिव्हलं का त्यात?"

"हो."

"परत वाचा."

मी परत वाचलं. त्यांनी तिसरं पान माझ्या हातून काढून घेतलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. बाकीची तीन माझ्याकडे सरकवली. "हे खरं लिव्हलं. बाकीचं घेऊन जा. माझ्या तुरीचं दादानं केलं, ते बी मिटलं. पोस्टमनले पाठवाची गरज नव्हती, प्रोफेसरसाब. दोनशे पावलं हाय माझं घर." मग उठले आणि चपला शोधू लागले. "चाला. आभाळ थांबणार नाई आपल्यासाठी."

काट्या त्यांनी स्वतः उचलल्या. मी मदतीला हात घातला आणि बोरीचा काटा बोटात घुसवून घेतला. मग ते म्हणाले, "तुमी राहू द्या." दादानं बंडी जुंपली. तीन खेपा झाल्या. तिसरी खेप घरी पोचता पोचता थेंब पडू लागले, पण कापूस ओसरीवर होता. वहिनी चहा घेऊन आली. तिनं मला कप देताना विचारलं, "भाऊजी, आता कोनाले लिव्हता?" दादानं चहा घेतला आणि पहिल्यांदा हसला. ते हसू माझ्यासाठी नव्हतं, कापसासाठी होतं, पण मी ते घेतलं.

मग मी त्याला खरी गोष्ट सांगितली. म्हटलं, दादा, एक घोटाळा झाला आहे. ते तिसरं पान चाचांच्या खिशात गेलं. वकील म्हणतो, ते पान असेपर्यंत वाटेवर आपला हक्क सांगता येणार नाही. आज चाचा आहेत. उद्या कोणी दुसरं असलं तर? त्यांच्याकडे माझ्या सहीचा पुरावा आहे.

दादानं बशीतला चहा संपवला. "मंग काय झालं? इचारून जाऊ."

"दरवर्षी?"

"दरवर्षी."

तेव्हापासून तसंच चाललं आहे. निबंध मी परिषदेत वाचला, फोटोंसकट. उपटलेल्या ओळींना मी तिथं 'जिवंत उदाहरण' म्हणालो आणि टाळ्याही मिळाल्या. माझी बढती झाली, मी विभागप्रमुख झालो, निवृत्तही झालो. इकडे पहिला वेचा झाला की दादा अंगावर स्वच्छ सदरा घालून चाचांकडे जातो आणि विचारतो, "चाचा, बंडी न्यावी का?" चाचा आता थकले आहेत, पण त्या प्रश्नाला लगेच उत्तर देत नाहीत. तुरीकडे बघतात, आभाळाकडे बघतात, चाचींना आतून चहा आणायला सांगतात. चहा संपला की म्हणतात, "न्या."